रिठ्याचा फेस आणि डोहातले मासे

कोलेस्टेरॉल म्हटले की आपल्याला हार्टअटॅकच आठवतो. पण कोलेस्टेरॉलवाचून शरीर चालत नाही. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते, त्याला घट्टपणा येतो तो याच कोलेस्टेरॉलने.

आता आमच्या रोह्याकडे या. भिऱ्याच्या वीजघराचे पाणी येते म्हणून कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते, पण तिला मिळणारे ओढे आटतात, डोह तेवढे उरतात. अशा डोहात गेळफळे ठेचून टाकायची आणि तरंगणारे मासे वेचायचे, ही कोकणातली जुनी रीत. गेळफळात सॅपोनिन असते. रिठ्याला, शिकेकाईला फेस येतो तोही त्यामुळेच. सॅपोनिनचे एक टोक पाण्याशी जमते, दुसरे तेलाशी. म्हणून तर केसांचे तेल निघते! हेच दुसरे टोक पेशीच्या आवरणातले कोलेस्टेरॉल धरते आणि आवरणाला भोके पडतात. माशाच्या कल्ल्यात रक्त पाण्याला अगदी लागून असते, त्यामुळे तो गुदमरतो. माणसाच्या आतड्यातून मात्र ते रक्तात फारसे जात नाही, म्हणून मासे खाणारा सहसा बचावतो. डोहातली पिल्ले बचावत नाहीत. मग पुढच्या वर्षी मासा यायचा कुठून?

निसर्गातले म्हणजे निर्धोक, असे आम्ही तरी मानत नाही. २०२१ साली काळ्या बुरशीवर दिलेले अ‍ॅम्फोटेरिसिन मातीतल्या जिवाणूपासून मिळते. बुरशीच्या आवरणात कोलेस्टेरॉलऐवजी अर्गोस्टेरॉल असते, औषध त्यालाच जास्त चिकटते. थोडे आपल्या कोलेस्टेरॉललाही चिकटते, म्हणून रुग्णाच्या मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते.

घरी रिठ्याने न्हाऊ घालताना भगिनींनी मुलांचे डोळे सांभाळावेत, आणि उरलेला चोथा ओढ्यात टाकू नये.