पूल टेबल घरी, डोक्याला शॉट!

वीकएन्डला तासाच्या भाड्याने पूल खेळणाऱ्या प्रत्येक ग्रुपमध्ये हा डायलॉग एकदा तरी होतोच. 'यार, दर शनिवारी इतके पैसे घालवण्यापेक्षा टेबल घरीच आणलं तर?' कॉलेजात असताना तो हसण्यावारी जातो. पण हातात पगार आणि डोक्यावर होम लोन आलं की हाच डायलॉग अचानक सीरियस होतो. एवढं घर घेतलंय, मग एक टेबल का नाही?

आणि पूल म्हणजे काही परदेशी फॅड नव्हे बरं का! त्याचा चुलतभाऊ स्नूकर तर जन्माला आला तोच जबलपूरच्या ब्रिटिश ऑफिसर्स मेसमध्ये, 1875 साली. 1958 मध्ये बिलियर्ड्सची वर्ल्ड अॅमॅच्युअर चॅम्पियनशिप जिंकणारे विल्सन जोन्स जन्माने पुणेकर! तेव्हा क्यू हातात धरायचा वारसा आपल्याकडे आहे. नाही तो टेबल नीट बसवून देण्याचा, असं मी आता अनुभवाने म्हणू शकते.

सोफा की टेबल?

ठाण्यात सातव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. 18 बाय 14 चा हॉल. नवऱ्याचं म्हणणं, सोफा नंतर, आधी टेबल. सासूबाईंनी 'पाहुणे काय टेबलावर बसणार का?' असं विचारूनही आम्ही ठाम! मापाचा अभ्यास चोख केला होता. आठ फुटी टेबलाची खेळायची जागा असते 88 बाय 44 इंच. क्यू साधारण 58 इंचांचा, आणि तो चारही बाजूंनी मागे खेचता यायला हवा. म्हणजे खोली किमान 17 फूट बाय 13 फूट 4 इंच. आमचा हॉल काठावर पास!

टेबल घेतलं ते खऱ्या स्लेटचं. स्लेट म्हणजे पाटीचा दगड. स्वस्त टेबलांना एमडीएफचा बेड असतो, पण आपल्या पावसाळ्यात तो दमट हवेने फुगतो, वाकतो. एक इंच जाडीची स्लेट वाकत नाही. ती तीन तुकड्यांत येते आणि आठ फुटी टेबलाचा एकेक तुकडा साधारण 70 किलोचा. किंमत ठरली 1 लाख 60 हजार. 1 लाख 20 हजार आधी, उरलेले 40 हजार 'इन्स्टॉलेशन झाल्यावर'. हे शेवटचे दोन शब्द मी बिलावर लिहून घेतले. पुढे सगळं त्यांच्यावरच निभावलं.

'खेलते खेलते सेट हो जाएगा!'

शनिवारी सकाळी अकराला येणारा टेम्पो आला संध्याकाळी साडेपाचला. सोसायटीची परवानगी काढलेली होती, पण जड सामानासाठी लिफ्टची वेळ होती दोनपर्यंत. सेक्रेटरीकाकांना मस्का लावून झाला. चार हमाल आणि एक फिटर. 'मॅडम, एक घंटे में हो जाएगा.' व्यवस्थित काम करायचं तर याला तीन-चार तास तरी लागतात. यांनी खरंच सव्वा तासात उरकलं!

नवऱ्याने पांढरा बॉल हळूच सोडला. बॉल अर्धं टेबल सरळ गेला, मग काहीतरी आठवल्यासारखा वळला आणि बाल्कनीच्या दिशेने निघाला. दुसऱ्यांदा सोडला, तेव्हा दोन स्लेटच्या जोडावर 'टुक' करून उडाला. खाली वाकून पाहिलं तर एका पायाखाली खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी! कोपऱ्यातल्या पॉकेटजवळ कापडाला सुरकुती, आणि तिथेच बोटाने दाबलं तर खाली दगडाचा टवका उडालेला. सहापैकी एका कुशनवर बॉल आपटला की परत उसळी घेण्याऐवजी 'धप्प' करून तिथेच बसायचा.

फिटर शांत. 'नया है ना मॅडम, खेलते खेलते सेट हो जाएगा.' दादा, दगड आहे तो! दही नाही सेट व्हायला.

मग फॉर्म पुढे आला. 'माल व इन्स्टॉलेशन समाधानकारक आहे.' खाली सही, आणि 40 हजार ट्रान्स्फर. आठ वाजले होते. सकाळपासून टेम्पोत बसलेली माणसं दमलेली दिसत होती. नवरा मला किचनमध्ये बोलावून म्हणाला, 'देऊन टाकू ना. यांचा काय दोष? बाकीचं सोमवारी बघू.' त्याचं अर्धं म्हणणं मला पटलं. हमालांचा दोष नव्हताच. म्हणून त्यांना चहा आणि वडापाव दिला. पण सही? एकदा 'समाधानकारक' लिहून दिलं आणि पैसेही दिले की सोमवारी आमचा फोन कोण उचलणार होतं?

मी फॉर्मवरचा तो शब्द खोडला. लिहिलं, 'माल मिळाला. इन्स्टॉलेशन अपूर्ण व सदोष.' खाली चार मुद्दे, तारीख, वेळ. फिटरचीही सही घेतली. बॉल वळतानाचा व्हिडिओ, पुठ्ठ्याचा फोटो, सगळं जागच्या जागी. 40 हजार दिले नाहीत. त्या रात्री आमच्या घरात एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलणं झालं.

अठ्ठावीस दिवसांची मॅच

पुढचे चार दिवस 'सर मीटिंगमध्ये आहेत'. विकताना रात्री अकरालाही मेसेज करणारा सेल्समन आता मेसेज वाचून गप्प. पाचव्या दिवशी उत्तर आलं, 'आधी बॅलन्स भरा, मग माणूस पाठवतो.' आमची गृहप्रवेशाची पूल पार्टी कॅन्सल झाली. टेबलावर चादर आली, चादरीवर इस्त्रीचे कपडे आले. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि काहीच बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं!

फोनवर भांडणं बंद केलं आणि ई-मेल लिहिला. बिल नंबर, डिलिव्हरीची तारीख, चार दोष, प्रत्येकाचा फोटो, आणि सात दिवसांची मुदत. मुदत टळल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवली आणि तिचा नंबर कंपनीला कळवला. एकोणिसाव्या दिवशी दुसरा फिटर दारात हजर!

हे काका साठीचे. क्लबांमधली टेबलं लावण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी आधी सगळं कापड उतरवलं आणि मान हलवली. 'ताई, टेबल नाही, स्लेट लेव्हल करायची असते.' आधी सांगाडा पाण्यासारखा सपाट, मग त्यावर एकेक स्लेट, तिच्याखाली पातळ पाचरी, आणि प्रत्येक जोडावर स्पिरिट लेव्हल आडवी-उभी. तिन्ही तुकडे एका पातळीत आले की सांध्यात मेण भरून ते खरवडून गुळगुळीत करायचं. कापड त्यानंतर, चारही बाजूंनी सारख्या ताणाने. 'धप्प' करणारं कुशन? त्याचे बोल्ट नुसते हाताने फिरवून सोडले होते! पाच तास लागले. टवका उडालेली स्लेट मात्र बदलायलाच हवी, हे काकांनी स्वतः कंपनीला फोनवर सुनावलं. ती यायला आणखी नऊ दिवस. काकांनी पुन्हा येऊन ती बसवली. अठ्ठाविसाव्या दिवशी बॉल सरळ गेला, आणि त्याच मिनिटाला मी 40 हजार पाठवले. नवरा एवढंच म्हणाला, 'बरं झालं थांबलीस.' आमच्याकडे याला माफीनामा म्हणतात!

तुम्हीही टेबल घेताय? मग हे वाचाच!

• खोलीबरोबर दार, जिना आणि लिफ्टही मोजा. लिफ्टमधली पाटी वाचा. सहा माणसांची लिफ्ट म्हणजे 408 किलो. स्लेट एकेक करून न्यायला सांगा.

• बिलावर टेबलाचं माप, स्लेटची जाडी, कापडाचा रंग आणि प्रकार, 'इन्स्टॉलेशनसह' हे शब्द आणि शेवटचा हप्ता कधी द्यायचा, हे सगळं लिहून घ्या. तोंडी वचनं टेम्पोबरोबर परत जातात.

• कापड लावण्यापूर्वी स्लेटच्या कडा आणि कोपरे स्वतः बघा. एकदा कापड चढलं की टवका झाकला जातो.

• बॉल जोरात मारून टेस्ट करू नका. हळू सोडा, लांबीत आणि रुंदीत, दोन्ही दिशांनी. उतार असेल तर बॉल थांबता थांबता वळतो. सहाही कुशनचा आवाज सारखा यायला हवा.

• दोष दिसला तर कागदावर लिहा, सही टाळू नका आणि आंधळी सहीही करू नका.

कायदा काय म्हणतो?

खराब इन्स्टॉलेशन ही कायद्याच्या भाषेत 'सेवेतील त्रुटी'. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे, दुकान कुठल्याही शहरात असो, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायची सक्ती नाही. मुदत दोन वर्षांची, आणि 2025 पासून ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही दाखल करता येते. पण बऱ्याचदा तिथपर्यंत जावंच लागत नाही. नीट लिहिलेला एक ई-मेल आणि तक्रारीचा एक नंबर पुरतो.

तेव्हा मंडळी, टेबल जरूर घ्या, मित्र बोलवा, धमाल करा. फक्त फॉर्म पुढे आला की घाई कितीही असो, आधी एक बॉल हळूच सोडून बघा. तो सरळ गेला, तरच पेन उचला!