फळ्यांआडचे ओंडके

पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या घराच्या बाहेरच्या फळ्या उचकटल्या, की आत कधी कधी कुऱ्हाडीनं तासलेले, दीड-दोनशे वर्षांचे ओंडके निघतात. मालकाला आधी हरखून जायला होतं आणि मग धास्ती वाटते, की आता सरकारी माणूस काय काय करायला लावणार! माझ्या मावसबहिणीनं तिकडे असंच एक घर घेतलं. वाड्यांच्या तुळया बघत हिंडायची मला जुनी खोड, त्यामुळे तिच्याकडे गेलो तो भिंतीलाच चिकटलो.

इतिहास थोडक्यात उरकतो. १६३८ मध्ये डेलावेअर नदीकाठी आलेल्या स्वीडिश-फिनिश लोकांनी ही बांधणी आणली, पुढे जर्मन शेतकऱ्यांनी ती आत पसरवली. ओंडके बहुधा ओकचे, नाहीतर चेस्टनटचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या बुरशीनं चेस्टनट जंगलातून जवळपास संपवला, म्हणून कुजलेल्या ओंडक्याला जोड हवी तर पाडलेल्या जुन्या कोठारांचं लाकूड शोधत फिरावं लागतं.

राज्यभर एकच बांधकाम संहिता २००४ पासून लागू आहे. जुनं घर आहे तसं नांदू शकतं, पण ज्या भागाला हात लावाल तो बहुतेक वेळा नियमांच्या कक्षेत येतो. "ताई, आधी नकाशा घेऊन इन्स्पेक्टरला भेट, पहार नंतर उचल," एवढाच माझा सल्ला होता.

जिन्याचंच बघा. नव्या घरात पायरीची उंची सव्वाआठ इंचांपेक्षा जास्त चालत नाही आणि रुंदी किमान नऊ इंच लागते. चुलीशेजारच्या कोनाड्यात कोंबलेला तिचा जिना म्हणजे जवळपास शिडीच. पण जुन्या इमारतींच्या नियमात सोय आहे: जागेअभावी चढ कमी करता येत नसेल, तर जिना तसाच नवा करता येतो. माळ्यावर झोपायची खोली केली, तर आगीत बाहेर पडण्याजोगी, साधारण ५.७ चौरस फूट मोकळी उघडणारी खिडकी लागते. ती ओंडक्यांत कापली तर भिंतीची पकड सुटते. छपराखालचा तिकोना मात्र या भागात बहुधा फळ्यांचा असतो, खिडकी तिथं बसवावी. लाकडावर प्रतीचा शिक्का नाही, हीसुद्धा अडचण नव्हे. लाकूड तपासणाऱ्या संस्थेचा दाखला शिक्क्याऐवजी चालतो.

पण घराचा खरा जीव दोन ओंडक्यांमधल्या फटीत आहे आणि माझाही तिथंच अडकला. ती फट भरण्याला चिंकिंग म्हणतात. आत दगडाच्या कपच्या नाहीतर लाकडाच्या ढलप्या ठोकायच्या, वर माती, चुना आणि जनावरांचे केस यांचं लिंपण. ताईच्या घराच्या दक्षिणेच्या भिंतीत एक ढलपी मी बोटानं हलवली, तर मागून घोड्याचे असावेत असे राठ केस निघाले. हे लिंपण वरच्या ओंडक्याच्या कडेआड दबलेलं हवं आणि खाली पाणी साचू न देणाऱ्या उताराचं.

आधीच्या कुणीतरी 'कायमचा बंदोबस्त' म्हणून उत्तरेला सिमेंट भरलं होतं. ओंडका ऋतूप्रमाणे फुगतो-आटतो, सिमेंट मात्र हटून बसतं. कडेला केसाएवढी चीर पडते, पावसाचं पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. तिथं खालच्या ओंडक्याच्या माथ्यात स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला! त्या चढ्या जिन्यापेक्षा या सिमेंटनं घराचं जास्त वाटोळं केलं, असं माझं ठाम मत आहे. इन्स्पेक्टरचं म्हणणं, वारा अडला पाहिजे, कशानं अडवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. म्हणजे नेमक्या या जागी मालकालाच शहाणं व्हावं लागतं.

तिनं चुना ठरवला. चुन्याला थंडी सोसत नाही, ओला असताना गोठला तर सुटून येतो. गवंडी नोव्हेंबरात यायला तयार होता. ताईनं त्याला सरळ मे महिन्याची तारीख दिली आणि हिवाळ्यापुरती त्या भिंतीवर ताडपत्री टांगली.