आक्षेपांची चिकित्सा

नागपुरात छिंदवाडा मार्गावरील एका चौकास सबंध शहर आजही ‘पागलखाना चौक’ म्हणते, आणि रिक्षावाल्यास ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ असे शुद्ध नाव सांगितले तर तो क्षणभर विचारात पडतो. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन दहा वर्षे उलटली होती, तेव्हा १८६४ साली ही संस्था उभी राहिली. आज ९४० खाटांचे हे रुग्णालय ठाणे, येरवडा व रत्नागिरी येथील रुग्णालयांबरोबर राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत गणले जाते. परंतु त्याच्या भिंतीजवळून जाणाऱ्या सामान्य माणसाच्या मनात जी धास्ती असते, ती बहुधा एकाच शब्दाची: ‘शॉक’.

वैद्यकीय मराठीत याला विद्युत्-आक्षेप चिकित्सा म्हणावे. वैद्यांच्या परिभाषेत आक्षेप म्हणजे शरीरास येणारे झटके, तर व्यवहारात आक्षेप म्हणजे हरकत. एखाद्या उपचारास एकाच शब्दाचे दोन्ही अर्थ इतके चपखल लागू पडावेत, हा योग विरळाच.

झटक्यांची ही कल्पना विजेच्याही आधीची. १९३४ मध्ये बुडापेस्टचे मनोविकारतज्ज्ञ मेडुना यांनी, अपस्मार व स्किझोफ्रेनिया एकत्र नांदत नाहीत अशा समजुतीने, रुग्णास कापराची सुई टोचून झटके आणले. देवापुढे जळणारा तोच कापूर. समजूत चुकीची ठरली, गुण मात्र काहींना आला. पुढे रोममध्ये मनोविकारतज्ज्ञ चेर्लेत्ती यांनी कत्तलखान्यात विजेने डुकरांना झटके येतात, पण केवळ त्या विजेने ती मरत नाहीत हे पाहिले, आणि १९३८ च्या एप्रिलात सहकारी बिनी यांच्या साहाय्याने तो प्रयोग माणसावर केला. त्या काळी हे सारे भूल न देता होई. झटक्यांच्या जोराने मणके मोडत. लोकांच्या मनातले भय निराधार नाही. फक्त ते जुन्या काळचे आहे.

आजचा विधी निराळा. रुग्ण रात्रीपासून उपाशी असतो. भूलतज्ज्ञ त्यास निद्रिस्त करतो, सक्सिनिलकोलीन देऊन स्नायू शिथिल करतो, दातांत रबरी ठोकळा बसवतो, प्राणवायू चालू ठेवतो. मात्र स्नायू शिथिल करणारे ते औषध शिरेत सोडण्यापूर्वी एका पोटरीवर रक्तदाबाचा पट्टा घट्ट आवळला जातो, जेणेकरून त्या पावलापर्यंत औषध पोचू नये. यंत्राची कळ दाबली जाते, अल्पावधीच्या स्पंदांची वीज काही सेकंद वाहते. सारे शरीर जवळजवळ निश्चल राहते, आणि जो आक्षेप एकेकाळी मणके मोडीत असे, तो आता एका पावलाच्या थरथरीत उतरतो. बहुधा मिनिटभराच्या आत तीही थांबते. मेंदूतील लहरी बाजूच्या कागदावर उमटत असतातच.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, अशा सहा ते बारा बैठका. अन्नपाणी सोडून पुतळ्यासारखा निश्चल झालेला कॅटाटोनियाचा रुग्ण, किंवा आत्मघाताचा ध्यास घेतलेला खिन्न माणूस, यांना औषधांनी गुण येण्यास जितका अवधी लागतो तितका प्रत्येकापाशी नसतो. ही चिकित्सा त्यांच्यासाठी. तिची किंमतही आहे: डोके दुखते, त्या दिवसांतील आठवणी पुसट होतात, क्वचित जुन्याही हरवतात. हे नातेवाइकांपासून दडवणारा डॉक्टर रुग्णाचे अहितच करतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या ९५ व्या कलमाने भूल व स्नायू शिथिल करणारे औषध न देता ही चिकित्सा करण्यास मनाई केली; अल्पवयीनांस तर पालकाची संमती व कायद्याखालील पुनर्विलोकन मंडळाची पूर्वमंजुरी असल्याखेरीज ती देताच येत नाही. आणीबाणीच्या उपचाराच्या कलमाखालीही तिला मुभा नाही. जुन्या अत्याचारांची आठवण ठेवून कायद्याने हा कडकपणा धरला हे उघड आहे. तरी पाणीही न पिणाऱ्या रुग्णापुढे उभ्या असलेल्या डॉक्टरास कागदांची ही वाट लांबची वाटली, तर त्याची कैफियतही ऐकून घेतली पाहिजे, असे मला वाटते.

पाऊल स्थिर होते. परिचारिका पट्टा सैल करते, घड्याळाकडे पाहून नोंदवहीत सेकंदांचा आकडा लिहिते, आणि रुग्ण डोळे उघडून आपण कोठे आहोत असे विचारीपर्यंत त्याच्या उशाशी बसते.