असं का? : हुबेहूब छोटी आगगाडी दुकानात का नाही?

नंदुरबार स्टेशनातून सुरत-भुसावळ मार्गावरची मालगाडी धडधडत गेली की पोरं डबे मोजतात. मग तिचीच हुबेहूब प्रतिकृती दुकानात का मिळत नाही?

मिरचीच्या टेम्पोचं बघा. एक पोतं न्या की वीस, भाडं तेवढंच. प्रतिकृतीचा पोलादी साचाही तसाच: इंजिनं शंभर काढा की दहा हजार, साच्याचा खर्च ठरलेला. गिऱ्हाईक घटलं की नग महागतो, महागला की उरलंसुरलं गिऱ्हाईक तुटतं. मग नवा साचा करणार कोण?

आपल्याकडे आणखी एक खोडा. बाजारातल्या सर्वाधिक चालणाऱ्या, ८७ पट लहान मापाच्या छोट्या रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, आपली ब्रॉडगेज त्याच मापात भरते सुमारे १९ मिलिमीटर; म्हणजे हुबेहूब आपली गाडी त्या रुळांवर बसायची नाही. हा धंदा बाहेरही सोपा नाही: ब्रिटनमध्ये तर १९४६ सालापासूनचं हॅटन्स हे छोट्या आगगाड्यांचं नामांकित दुकानही २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं.

छोट्या गाड्या धावताना पाहायच्यात? पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे.