कानाने शिकावयाची इंग्रजी

महाराष्ट्रातील सुशिक्षित मनुष्य इंग्रजी शिकला तो बहुतांशी डोळ्यांनी. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्याची घडण समजावून दिली, आणि तिच्या आधारावर माणसे अर्ज, दस्तऐवज आणि न्यायालयाचे निकाल बिनचूक वाचू लागली. परंतु तीच भाषा एखाद्या इंग्रज किंवा अमेरिकन माणसाच्या तोंडून कानी पडली की त्यातील चार शब्दांपलीकडे काही उमगू नये, अशी त्यांची अवस्था राहिली. पॉडकास्टमुळे ही उणीव भरून काढण्याचे साधन आज ज्याच्या त्याच्या खिशात आले आहे, याचा मला मनःपूर्वक आनंद वाटतो. मात्र त्या साधनाविषयी काही समज असे रूढ झाले आहेत की, त्यांच्या भरवशावर वर्षभर ऐकूनही ज्याच्या पदरी काही पडत नाही तो विद्यार्थी दोष आपल्याच बुद्धीला देतो, आणि शेवटी इंग्रजीशी कायमची फारकत घेतो. त्याच्यावर होणारा हा अन्याय दूर व्हावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

पॉडकास्ट ही भाषाशिक्षणातील अगदी अपूर्व पद्धती आहे, हा समज निरुपद्रवी असला तरी खरा नाही. लिंग्वाफोन ही संस्था १९०१ साली स्थापन झाली, आणि ध्वनिमुद्रणावरून भाषा शिकविण्याचा तिचा उद्योग पुढे जगभर पसरला. बीबीसीने रेडिओवरून इंग्रजीचे पाठ १९४३ साली सुरू केले. ‘पॉडकास्ट’ हा शब्द तेवढा २००४ सालचा. नवे आहे ते श्रोत्याचे स्वातंत्र्य. रेडिओवरचे निसटलेले वाक्य कायमचे निसटे. आता ते दहा वेळा मागे नेऊन ऐकण्याची मुभा आहे, आणि पॉडकास्टचे सारे शैक्षणिक सामर्थ्य, माझ्या मते, या एका मुभेत साठलेले आहे.

घातक समज निराळाच आहे. लहान मूल नुसते ऐकत ऐकतच मातृभाषा शिकते, तेव्हा स्वयंपाक करताना, एस.टी.त डुलक्या घेताना, किंबहुना झोपेतसुद्धा इंग्रजी कानावर पडत राहिली की ती आपोआप मुरेल, असे अनेकजण मानतात. वस्तुतः मूलही तसे शिकत नाही. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना चिनी भाषा ऐकविण्यात आली. ज्यांच्यासमोर माणूस प्रत्यक्ष बसून बोलला व खेळला, त्या बालकांना चिनी ध्वनींमधील भेद ओळखता आला. ज्यांना तेच बोलणे पडद्यावरून किंवा केवळ ध्वनिमुद्रणातून मिळाले, त्यांच्या बाबतीत असा काहीही लाभ दिसला नाही. निद्रेतील अध्ययनाची परीक्षा सायमन आणि एमन्स यांनी १९५६ सालीच घेतली होती. झोपलेल्या माणसाला ऐकविलेली उत्तरे सकाळी त्याला आठवली नाहीत. अर्थाकडे लक्ष नसताना कानावरून गेलेला ध्वनी तासांच्या हिशेबात जमेला धरता येत नाही.

दुसरा समज असा की, इंग्रज फार भरभर बोलतात म्हणूनच ते आपल्याला कळत नाहीत. येथे थोडे थांबणे अवश्य आहे, कारण मराठी माणसाच्या अडचणीचे मूळ याच ठिकाणी आहे. मराठीत प्रत्येक अक्षराला आपापला न्याय्य वाटा मिळतो. अमुक अक्षरावर जोर दिला आणि तमुकावर दिला नाही, म्हणून मराठी शब्दाचा अर्थ पालटत नाही. इंग्रजीत एका अक्षरावर बलाघात पडतो, आणि त्याच्या शेजारची अक्षरे इतकी क्षीण होतात की त्यांचे स्वर एका अस्फुट ‘अ’मध्ये विरून जातात. ‘फोटोग्राफ’ या शब्दात जोर पहिल्या अक्षरावर असतो; त्याचेच ‘फोटोग्राफी’ झाले की तो दुसऱ्यावर सरकतो आणि कानाला ‘फटॉग्रफी’ असे काहीतरी ऐकू येते. आपण कागदावर पाहिलेला ‘कम्फर्टेबल’ बोलण्यात ‘कम्फ्‌टबल’ होऊन येतो; ‘टू’, ‘फॉर’, ‘ऑफ’ ही छोटी अव्यये तर केवळ श्वासासारखी निघून जातात. विद्यार्थ्याला शब्द ठाऊक असतो, पण तो ज्या वेषात येतो तो वेष ठाऊक नसतो. म्हणूनच यंत्राची गती कमी करून फारसे साधत नाही, कारण मुळात उच्चारलाच न गेलेला स्वर ध्वनिमुद्रण ताणल्याने परत येत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘कॅन’ या साध्या क्रियापदाचे. होकारार्थी वाक्यात ते बहुधा आखडून नुसते ‘कन’ राहते, तर नकारार्थी रूप पूर्ण जोराने उच्चारले जाते, आणि त्याच्या शेवटचा ‘ट’ अमेरिकन बोलण्यात पुष्कळदा स्पष्ट ऐकूही येत नाही. आपण मात्र त्या ‘ट’ची वाट पाहत बसतो आणि नकाराला होकार समजतो, उलट आपण ‘मी येऊ शकतो’ असे सांगताना ‘कॅन’ ठासून म्हटले, तर अमेरिकन श्रोत्याला ‘येऊ शकत नाही’ असा भास होण्याचा संभव असतो. हा तपशील समजून घेऊन तीन मिनिटांचा एक तुकडा पाच वेळा ऐकणे, हे तीन तास अखंड ऐकत राहण्याहून मला अधिक मोलाचे वाटते.

मग ऐकावे काय? जे जितके अवघड तितके हितकर, या समजुतीने पुष्कळजण आरंभीच अमेरिकन राजकारणावरील वादविवाद निवडतात. भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली केलेल्या गणनेनुसार, बोलण्यातील शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव शब्द परिचित असावयाचे तर सुमारे सहा ते सात हजार शब्दकुटुंबांची, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे यांच्या गटांची, बेगमी लागते. मिनिटाला दीडशे शब्द बोलणाऱ्याचे शंभरांपैकी दहा शब्द अनोळखी असतील, तर दर मिनिटाला पंधरा कोडी पुढ्यात येतात, आणि पहिले सुटण्यापूर्वी तिसरे येऊन ठेपते. हे ओळखूनच व्हॉइस ऑफ अमेरिकेने १९५९ साली ‘स्पेशल इंग्लिश’ सुरू केले: सुमारे दीड हजार शब्द, आटोपशीर वाक्ये आणि नेहमीच्या सुमारे दोन-तृतीयांश गती. अशा सुबोध मालिकांपासून आरंभ करण्यात कमीपणा मानू नये. ज्याला क्रिकेटचे बारकावे मराठीत अवगत आहेत त्याने क्रिकेटवरील इंग्रजी चर्चा ऐकावी. विषयच निम्मा अर्थ सांगून टाकतो.

लिखित संहिता पाहणे म्हणजे लबाडी, हाही एक समज आहे. आधी न पाहता ऐकावे, काय कळले ते मनाशी नोंदवावे, आणि मग संहितेशी त्याची रुजवात घालावी. जेथे कान चुकला ती ओळ खुणेने अधोरेखित करून पुन्हा ऐकावी. बीबीसीच्या ‘सिक्स मिनिट इंग्लिश’सारख्या मालिका संहितेसह मिळतात, त्या याचसाठी.

उच्चाराबद्दलची धास्तीही अनाठायी होय. लंडनच्या प्रतिष्ठित वर्गाची म्हणून जी उच्चारपद्धती आदर्श समजली जाते, ती खुद्द ब्रिटनमध्ये अल्पसंख्य लोकच बोलतात. मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ साली दाखवून दिले की, उच्चारावर परक्या भाषेची छाप ठळक असूनही बोलणे पूर्णपणे समजू शकते. मराठी वळण राहिले तरी चालेल; मात्र बंडी आणि पश्चिम दिशा या दोहोंसाठीच्या इंग्रजी शब्दांत आपण एकच ‘व’ वापरतो, तेवढे सुधारावे.

राहिला प्रश्न बोलण्याचा. पुष्कळ ऐकले की जीभ आपोआप सुटते, असे समजणाऱ्यांनी कॅनडाकडे पाहावे. तेथे इंग्रजीभाषक मुलांना वर्षानुवर्षे बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकविण्यात आले. त्यांचे आकलन फ्रेंच मुलांच्या जवळपास पोहोचले, पण बोलण्यात व्याकरणाचे दोष रेंगाळत राहिले. मेरिल स्वेन यांनी त्यावरून १९८५ साली असे प्रतिपादन केले की, ऐकणारा अर्थावर निभावून नेऊ शकतो, बोलणाऱ्याला मात्र वाक्य स्वतः जुळवावे लागते, आणि आपल्याला काय येत नाही हे त्याला तेव्हाच कळते. म्हणून जे ऐकले ते संहिता मिटून दोन मिनिटांत स्वतःच्या इंग्रजीत सांगावे, मोबाइलवर मुद्रित करावे, आणि मूळ तुकड्यामागोमाग ते ऐकावे. पहिल्या दिवशी आपला आवाज ऐकवत नाही. आठवड्याभरात तोच आवाज, कोणते ‘कॅन’ आपण अजून ठासून म्हणतो आहोत, ते दाखवू लागतो.