संकटात श्रद्धा टिकते कशावर?

लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला 30 सप्टेंबर 1993 ची भूकंपाची पहाट वेगळी सांगावी लागत नाही. घरं पडली की देवावरचा विश्वासही हलतो. ख्रिस्ती माणूसही त्याला अपवाद नाही. मग श्रद्धा टिकते कशावर? माझं मत असं, की ती भावनेवर नाही, रोजच्या कामावर टिकते.

पुरावा पंडिता रमाबाईंचा. आई-वडील दुष्काळात गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. 1883 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण दुःख काही थांबलं नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली-बायका केडगावला आणल्या. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनाच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत. 1921 मध्ये लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं.

कुणी म्हणेल, हे तर दुःख कामात बुडवणं झालं. पण रमाबाईंनी भुकेल्यांकडे पाठ फिरवली नाही, उलट त्यांनाच घरात घेतलं. कुणी म्हणेल, सगळ्यांना रमाबाई होणं जमत नाही. खरंय. म्हणूनच बायबलमधल्या स्तोत्रांत देवाला जाब विचारणारी, रडणारी माणसंही आहेत. प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धा सोडणं नव्हे. आज प्रार्थना जमत नसेल, तर शेजाऱ्याच्या घरी डबा पोचवा. तुमचा अनुभव वेगळा असेल, तर कमेंटमध्ये जरूर लिहा.