एकल मातांसाठी मालमत्ता व्यवसायाची वाट
संत नामदेवांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या, हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेवसारख्या गावात एकटीने मुले वाढविणाऱ्या महिलेला नोकरी आणि शाळा यांच्या वेळा जुळविणे कठीण जाते. घरे व भूखंडांच्या खरेदी-विक्रीतील मध्यस्थी तिच्यासाठी उपयुक्त पर्याय ठरू शकते. कारण कामाच्या वेळा बऱ्याच अंशी तिच्या हाती राहतात.

मात्र केवळ ओळखीपाळखीवर हा व्यवसाय करण्याचे दिवस सरले आहेत. नोंदणीकृत प्रकल्पातील घर वा भूखंड विकून देणाऱ्या मध्यस्थाला २०१७ पासून ‘महारेरा’कडे नोंदणी बंधनकारक आहे. ती पाच वर्षांसाठी असते. २०२३ मध्ये प्रशिक्षण व परीक्षेनंतर मिळणारे सक्षमता प्रमाणपत्रही सक्तीचे झाले. गुणवत्तेवर मिळणारा हा परवाना नवख्या महिलेला ग्राहकाचा विश्वास मिळवून देतो.

ग्रामीण भागात सातबारा, फेरफार आणि बिगरशेती परवानगी यांची जाण हवी. शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते, हे ठाऊक नसलेला मध्यस्थ ग्राहकाला अडचणीत आणू शकतो.

दलाली बहुधा व्यवहार पूर्ण झाल्यावरच हाती पडते. म्हणून काही महिन्यांच्या घरखर्चाची तरतूद होईपर्यंत असलेली नोकरी न सोडणेच शहाणपणाचे.